न घडलेल्या अपघातांचा इतिहास

माझे अब्बा मुंबईत एका गिरणीच्या साचेखात्यात होते. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. ‘चाकांवर झाकण नव्हतं,’ एवढंच ते सांगत. पुढे वाचनात आलं, की धोक्याच्या यंत्राला कुंपण हवं, हे १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्यातच होतं! कागदावरचं झाकण चाकापर्यंत नेणारा माणूस तेवढा नव्हता.

हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद आली ती १९७६ साली. पण नुसतं नेमून भागत नाही, त्याचं ऐकावंही लागतं. डिसेंबर १९८४च्या त्या रात्री भोपाळला विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. निसटता वायू जाळणारा मनोराही जोडलेला नव्हता. हजारो माणसं गेली. मग १९८७ साली कायदा सुधारला. समोर दिसणारा धोका मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. प्रत्येक कलमामागे अशी कुणाची तरी किंमत आहे.

मित्रहो, सुरक्षा अभियंत्याच्या नशिबी कौतुक नसतं. गेलेली बोटं दिसतात. त्याच्यामुळे शाबूत राहिलेली बोटं कोण मोजतं?