विहारातील दिनचर्या आणि उपालींचा वारसा

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेवरील तैलबैला गावातून वाघजाई घाटाने कोकणात उतरू लागले की रायगड जिल्ह्याच्या हद्दीत ठाणाळ्याची २३ लेणी लागतात. हेन्री कझिन्स यांनी १८९१ मध्ये 'नाडसूरची लेणी' म्हणून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील बहुसंख्य लेणी भिक्खूंच्या निवासाची आहेत. लेण्यांमधील शिल्पे व शिलालेख यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु लहानशा खोल्यांतून राहणारी ही माणसे आपले रोजचे जीवन कसे चालवीत असत, या प्रश्नाकडे आपण क्वचितच वळतो.

पालि विनयपिटकातून त्या व्यवस्थेची कल्पना येते. भिक्खूच्या स्वतःच्या वस्तू आठच : तीन चीवरे, कमरबंद, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात ही यादी दिली आहे. जादा चीवर दहा दिवसांहून अधिक ठेवता येत नसे. तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही औषधे सातच दिवस. संग्रहाला अशा रीतीने संख्येची व मुदतीची अशी दुहेरी मर्यादा होती.

कामाची वाटणी कशी होई, हे महावग्गातील अनुरुद्ध, नंदिय व किंबिल यांच्या वृत्तांतावरून कळते. भिक्षाटनाहून जो प्रथम परते तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी परते तो सर्व आवरून जागा झाडून काढी. पाण्याची घागर रिकामी ज्याला दिसे तोच ती भरी. एकट्याला न उचलल्यास तो हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलावी, मौन मोडीत नसे. दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चा होई.

यातील अनुरुद्ध व किंबिल शाक्य कुळातील होते. चुल्लवग्ग सांगतो की, प्रव्रज्येच्या वेळी आपला कुलाभिमान गळावा म्हणून या शाक्यांनी त्यांची सेवा करणाऱ्या उपाली नापितास आधी दीक्षा देण्याची विनंती भगवंतांना केली आणि पुढे त्यालाच वंदन केले. तेच उपाली विनयधरांत अग्रणी ठरले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी महाकस्सपांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली ती त्यांनीच.

या घटनेचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. पाणी कोणी भरायचे व केर कोणी काढायचा, हे ज्या देशात शतकानुशतके जन्मावरून ठरविले गेले, तेथे संघाने ते काम प्रथम येणाऱ्याचे व प्रथम पाहणाऱ्याचे ठरविले. आणि त्या नियमांची जपणूक एका नापिताकडे सोपविली. शिस्त ही येथे समतेचे साधन झाली.

आपल्या घरांतही हा प्रश्न विचारला पाहिजे. रिकामा हंडा भरणे हे अजूनही एकट्या गृहिणीचेच काम मानले जात असेल, तर विनयाचा हा धडा आपण अद्याप आचरणात आणलेला नाही. विहारात झाडू कोण घेतो, आसने कोण मांडतो, यावरूनही आपल्या समतेची परीक्षा होत असते.