भेंडवळचा घट

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला कीं, वक्त्याच्या तोंडीं तीन नांवें सहज येतात: जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेडराजा, उल्कापातानें निर्माण झालेलें लोणारचें सरोवर, आणि १७२४ सालीं निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा जेथें पराभव केला तें साखरखेर्डा. हीं तिन्ही स्थळें थोर खरीं. परंतु ज्या खेड्यांत कोणी राजा जन्मला नाहीं, ज्याच्या नांवानें कोणतीहि लढाई ओळखली जात नाहीं, त्या खेड्याला इतिहास नसतो काय? असतो, मात्र तो तहनाम्यांत सांपडत नाहीं, लोकांच्या वहिवाटींत सांपडतो. अशाच एका खेड्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खोऱ्यांत भेंडवळ हें लहानसें गांव आहे. त्याचें जीवन समजून घ्यावयाचें तर आधीं तेथील माती पाहिली पाहिजे. पूर्णेच्या दोन्ही अंगांस खोल, काळ्या, चिकण जमिनीचा विस्तीर्ण पट्टा पसरला आहे. कापूस, ज्वारी व तूर यांस ही जमीन मानवते. परंतु तिच्या पोटांतलें पाणी खारें आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो, आणि जळगांव तालुक्याचाहि बराच भाग त्यांत मोडतो. इतर ठिकाणीं पाऊस रुसला तर शेतकरी विहिरीकडे वळतो. येथें विहिरीचें पाणी पिकाला दिलें तर पीक तर जगत नाहींच, उलट जमीनहि बिघडते. म्हणून येथल्या कुणब्याची दृष्टि पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे लागलेली आहे. जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यांतला एक महिना कोरडा गेला कीं वर्षाचें गणित चुकतें.

या मातीवर राज्यें अनेक झालीं. ऐन-इ-अकबरींत जळगांव हें परगण्याचें ठिकाण म्हणून नोंदलेलें आहे. पुढें निजामाचा अंमल आला, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस तुटला, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं मोल आलें. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला; १८७० सालीं खामगांवच्या कापसाच्या पेठेसाठीं जलंबहून स्वतंत्र फांटा निघाला. ज्वारीच्या शेतांत कापूस उभा राहिला, तसा शेतकऱ्याच्या हातीं पैसा आला. पण पाऊस हुकला तर उपासाच्या जोडीला सावकाराचें कर्जहि येऊं लागलें. जळगांव तालुका १९०५ सालीं अकोला जिल्ह्यांतून काढून बुलढाण्यास जोडला गेला. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. दफ्तरें बदललीं, सारा घेणारे हात बदलले. खेड्याचा प्रश्न मात्र तोच राहिला: यंदा पाऊस कसा होईल?

या प्रश्नाला भेंडवळनें शोधलेलें उत्तर म्हणजे घटमांडणी. चंद्रभान महाराज वाघ नांवाच्या सत्पुरुषानें सुमारें ३०० ते ३५० वर्षांपूर्वीं ती सुरू केली, अशी परंपरा सांगते. आणि त्यांच्या वंशजांनीं ती पुढें चालविली आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं गांवाबाहेरच्या शेतांत मोठें वर्तुळ आखतात. त्याच्या कडेनें अठरा धान्यें मांडतात: गहूं, ज्वारी, बाजरी, साळी, तूर, मूग, उडीद, मटकी, हरभरा, मसूर, वाटाणा, लाख, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी आणि भादली. मधोमध खड्डा करून त्यांत मातीचीं चार ढेकळें ठेवतात. तीं पावसाळ्याचे चार महिने होत. ढेकळांवर पाण्यानें भरलेली घागर, आणि तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, भजें, वडा असे पदार्थ मांडले जातात. पानविडा राजाच्या गादीचें चिन्ह मानतात, पुरी पृथ्वीचें. मग त्या जागीं रात्रभर कोणी फिरकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या सुमारास घटाची पाहणी होते. कोणतें ढेकूळ भिजलें, कोणतें कोरडें राहिलें, यावरून कोणत्या महिन्यांत किती पाऊस पडेल तें सांगतात. कोणत्या धान्याचे दाणे जागचे हलले, त्यावरून त्या पिकाची स्थिति सांगतात. भादलीवरून पिकांवरील रोगराई, करडीवरून देशाचें संरक्षण, विड्यावरून राज्यकर्त्याचें आसन, अशी ही भाषा आहे. ती ऐकावयास वऱ्हाडाबरोबरच खानदेश आणि मराठवाडा येथूनहि शेतकरी येतात.

याच दिवसाची निवड कां? अक्षय्य तृतीया हा पितरांचा दिवस. त्यांच्या नांवानें पाण्यानें भरलेली घागर देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. घटाच्या मध्यभागीं असलेली घागर तिचीच बहीण दिसते. शिवाय रब्बीचें धान्य घरांत आलेलें असतें आणि मृगाच्या पेरणीस अद्याप महिना असतो. वऱ्हाडांत अनेक ठिकाणीं सालदाराचें सालहि याच सुमारास संपून नवें ठरतें. बियाणें किती घ्यावें, कर्ज किती काढावें, गडी किती ठेवावेत, हे सर्व निर्णय या थोड्या दिवसांत करावे लागतात, आणि ते करावे लागतात पूर्ण अंधारांत. अशा वेळीं सारा मुलूख एका शेतांत जमतो आणि प्रत्येकाच्या मनांतली भीति सर्वांच्या देखत उघड बोलली जाते. ज्याची शंभर एकर जमीन आहे तोहि, आणि ज्याची हातभर नाहीं तो मजूरहि, तेंच ऐकतो. कारण पाऊस न आला तर पहिली उपासमार मजुराच्या घरीं असते. घटाचें खरें बळ या एकत्र येण्यांत आहे.

पण मग भाकीत खरें ठरतें काय? हा प्रश्न टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. उघड्या शेतांत रात्रभर वारा वाहतो, मुंग्या आणि किडे दाणे ओढतात. मातीची घागर पाझरते, आणि तिच्याखालचें ढेकूळ कमीअधिक भिजतें. यांत पुढच्या ऑगस्टमधील ढगांचा कांहीं संबंध नाहीं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें या भाकितांना आव्हान दिलें तें याचसाठीं. लवकर पावसाच्या भरंवशावर पेरणी केली आणि बीं करपलें, तर दुबार पेरणीचा खर्च भाकीत सांगणारा देत नाहीं. तो शेतकऱ्याच्याच माथीं बसतो. २००६ सालीं केंद्र सरकारनें शेतकरी आत्महत्यांमुळें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत बुलढाणा होता, हें विसरतां येत नाहीं.

तथापि, शहरांतल्या सुशिक्षितांनीं या खेड्याला हंसण्यापूर्वीं एक गोष्ट आठवावी. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें, आणि ब्लॅनफोर्ड यांनीं १८८६ सालीं मान्सूनचें पहिलें दीर्घ मुदतीचें अनुमान प्रसिद्ध केलें. त्यांच्यानंतर आलेल्या सर जॉन एलियट यांनीं १८९९ सालीं पाऊस चांगला होईल असें सांगितलें. प्रत्यक्षांत त्या वर्षीं भयंकर अवर्षण पडलें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडांत हाहाकार उडाला. म्हणजे त्या वर्षीं शास्त्राची घागरहि फुटली. फरक पुढें पडला. ती चूक कागदावर होती; वर्षांमागून वर्षांचे आंकडे नोंदलेले होते. १९०४ सालीं आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीं तेच आंकडे जगभरच्या आंकड्यांशीं ताडून पाहिले, आणि दूर प्रशांत महासागरावरील वायुभाराच्या हेलकाव्याशीं आपल्या पावसाचें नातें आहे, हें त्यांतून उमगलें.

युरोपांतहि खेड्यांची हीच रीत होती. जर्मनींत २७ जूनला ‘सात निद्रितांचा दिवस’ म्हणतात. त्या दिवशीं पाऊस पडला तर सात आठवडे पडेल, अशी तेथल्या शेतकऱ्यांची जुनी समजूत. तेथील हवामानशास्त्रज्ञांनीं ती नुसती झिडकारली नाहीं, नोंदींशीं पडताळली. एका दिवसाला अर्थ नाहीं, परंतु जुलैच्या आरंभीं जी हवा स्थिर होते ती, विशेषतः दक्षिण जर्मनींत, पुष्कळदां कांहीं आठवडे टिकते, एवढें तथ्य त्यांतून निघालें. बाकीचें म्हणीपुरतें राहिलें, आणि त्यानें कोणाची हानि झाली नाहीं.

भेंडवळच्या घटाची उणीव मला येथेंच दिसते. तीन शतकें एका गांवानें दरवर्षीं तोच प्रश्न, त्याच दिवशीं, त्याच जागीं विचारला, असें परंपरा म्हणते. इतकी चिकाटी थोड्या संस्थांनीं दाखविली असेल. त्या प्रत्येक सकाळीं काय सांगितलें आणि आश्विनांत काय घडलें, हें एका वहींत शेजारींशेजारीं लिहून ठेवलें असतें, तर खरें-खोटें गांवानेंच ठरविलें असतें. त्याला बाहेरच्या कोणाची गरज पडली नसती. अजूनहि वेळ गेलेली नाहीं. लोकांनीं त्या शेतांत जमावें, अठरा धान्यें मांडावीं, पितरांचें स्मरण करावें. मात्र घागरीच्या शेजारीं एक पर्जन्यमापक असावा, आणि गांवांतल्या शाळेच्या मुलांनीं त्याचा रोजचा आंकडा लिहावा. पुढच्या अक्षय्य तृतीयेला नवें भाकीत सांगण्याआधीं गेल्या वर्षीचें भाकीत आणि पडलेला पाऊस, दोन्ही सर्वांसमोर वाचून दाखवावेत. मग बियाण्याचा निर्णय शेतकऱ्यानें आपल्या बुद्धीनें करावा.