पोत्याचे वजन आणि हमालाचे शिक्षण
गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे तालुक्याचे गाव मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेले असून, अभ्यासकांच्या लिखाणात त्याचा उल्लेख बहुधा शेजारच्या पदमपूरमुळे येतो, कारण नाटककार भवभूतीचे पद्मपूर ते हेच, अशी या भागातील परंपरा आहे. धानाची पोती वाहणाऱ्या ज्या माणसांच्या पाठीवर या गावाचा व्यापार उभा राहिला, त्यांच्या कौशल्याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला गेला आहे. ओझे सुरक्षितपणे कसे हलवावे, याचे शिक्षण फोर्कलिफ्टसारख्या यंत्राबरोबर अवतरले असा समज रूढ असला, तरी धानबाजाराकडे पाहिल्यास ते शिक्षण यंत्राच्या कितीतरी आधीपासून चालत आल्याचे दिसते. फक्त कोणत्याही कायद्याने त्याला शिक्षण म्हटले नव्हते.

मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पोसलेल्या या झाडीपट्टीत धान पूर्वी पायली, कुडव आणि खंडी या मापांनी मोजले जाई, म्हणजे ते वजनाने नव्हे तर आकारमानाने मोजले जाई, आणि ढोलीतून काढलेले धान बैलगाडीत किती घालायचे हे बैलाच्या ताकदीवर ठरे. १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला, त्याच दशकात बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि शतक संपता संपता हा मार्ग कलकत्त्याशी जोडला गेला. तागाच्या पोत्यात भरलेला, शिवलेला आणि वजन केलेला माल हे त्यानंतर दूरच्या व्यापाराचे एकक बनले, आणि बैलाच्या ताकदीऐवजी माणसाची पाठ हे त्या एककाचे खरे परिमाण ठरले.

हे एकक किती जड असावे, याचा निर्णय पाठीला विचारून झाला नाही. चाळीस शेरांचा सरकारी मण ३७.३२ किलोग्रॅमचा होता, आणि अनेक बाजारपेठांत अडीच मणांचे, म्हणजे सुमारे ९३ किलोंचे पोते चाले. १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी मण जाऊन क्विंटल आला, आणि हिशेबाला सोपे म्हणून पोतेही शंभर किलोंचे झाले. व्यवहार स्वच्छ करण्यासाठी केलेल्या या सुधारणेने हमालाच्या डोईवर जवळपास सात किलो वाढवले, ही गोष्ट मापनपद्धतीच्या इतिहासात नोंदवण्याइतकी महत्त्वाची आहे.

एवढे ओझे वाहण्याची विद्या टोळीत शिकवली जाई. टोळी म्हणजे मुकादमाच्या हाताखाली एकत्र मजुरी घेणारा हमालांचा गट. दोघांनी पोते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, घेणाऱ्याने कमरेत वाकण्यापेक्षा गुडघ्यात वाकायचे, फळीवरून चढताना चाल मोडायची नाही, अशा गोष्टी नवा गडी जुन्याच्या मागे चालत शिके. त्यातही थप्पी लावणे, म्हणजे पोत्यांची रास रचणे, हे अनुभवी हाताचे काम होते: एका थरातील पोती आडवी तर वरच्या थरातील उभी ठेवून, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधा मोडत नेला नाही, तर रास फुगते आणि कोसळते, आणि माल काढताना खालचे पोते ओढले, तर वरचे थर अंगावर येतात. या शिक्षणाला लेखी अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हते आणि अपघात झाल्यास भरपाईची हमीही नव्हती.

कायद्याने ओझ्याकडे लक्ष दिले ते वजनाच्या बाजूने. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ ने इजा होण्याजोगे जड ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली; १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची शिफारस केली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी अधिनियम आला, ज्याने मालक आणि हमाल या दोघांची मंडळाकडे नोंदणी करून मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि रजा यांना कायद्याचा आधार दिला. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांनी पोते पन्नास किलोंचे व्हावे ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. आज सरकारी खरेदीकेंद्रावर धानाचा कट्टा, म्हणजे पोते, चाळीस किलोंचा भरला जातो. शंभर किलोंची पोती वाहिलेल्या पिढीच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे.

फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढील दोन पात्यांवर माल उचलून नेणारी गाडी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत घडली आणि दुसऱ्या महायुद्धातील रसदीने तिचा प्रसार झाला. तिची पुढची चाके टेकूचे काम करतात, मागचे जड अंग मालाला तोलून धरते आणि वळणे मागच्या चाकांनी घेतली जातात. त्यामुळे पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य यांनी बनलेल्या त्रिकोणाबाहेर गुरुत्वमध्य गेला की ती उलटते. पाती उंचावून वळणे म्हणूनच घातक ठरते. भारतीय कायद्यात मात्र ही गाडी विचित्र जागी राहिली: १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाची व्याख्या केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनांना वगळते, म्हणून रस्त्यावरच्या चालकाला लागू होणारी परवान्याची सक्ती आवारातल्या चालकापर्यंत पोहोचत नाही. कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १११-अ ने कामगाराला सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा हक्क दिला. पण हक्क मागणाऱ्याला आधी त्याची माहिती असावी लागते, आणि हंगामी मजुराच्या बाबतीत तीच कडी सर्वांत कच्ची आहे.

भातगिरणीत फोर्कलिफ्टला सपाट कठीण फरशी, रुंद वाट आणि माल ठेवायला पॅलेट, म्हणजे खालून पाती सरकतील अशी लाकडी फळी, लागते. उघड्या आवारात ताडपत्रीखाली रचलेल्या कट्ट्यांना यांपैकी काहीच मिळत नाही, आणि तेथे पोते अजूनही पाठीवरूनच जाते. ज्या गोदामात यंत्र आणि माणूस एकाच फरशीवर काम करतात, तेथे उचललेल्या पात्याखाली कोणी उभे राहू नये हा चालकाला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या नियमांपैकी एक आहे, आणि थप्पीच्या पायथ्याशी थांबू नये हे मुकादम नव्या गड्याला पहिल्याच दिवशी सांगतो.