पुऱ्यांचे शहर आणि सिडकोची नवी वस्ती



आपल्या बीडहून गेवराई, पाचोड मार्गे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, आपण कधी दवाखान्यासाठी तर कधी मुलांच्या प्रवेशासाठी जातच असतो. शहराच्या तोंडाशी ‘बीड बायपास’ लागतो, पुढे सिडको लागते. परंतु ही वस्ती कोणी आखली व कशी वाढली, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्या गावासाठीही धडा आहे.

हे शहर मुळातच आखून वसविलेले आहे. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि स्वकर्तृत्वाने निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर याने 1610 साली खाम नदीकाठच्या खडकी या खेड्याजागी राजधानी उभारली. केवळ वाडे बांधून शहर होत नाही, हे त्याने ओळखले होते. उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूचे पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर, त्याने शहरात आणले. हीच ती नहर-ए-अंबरी. आपल्या बीडची खजाना विहीरही निजामशाहीच्या काळातली असून तिचे पाणीसुद्धा भुयारी मार्गाने, उतारानेच वाहते. म्हणजे ही विद्या आपल्या मातीत नवी नाही.

1653 साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला व शहराला त्याचे नाव मिळाले. पुढे 1682 मध्ये तटबंदी झाली. तटाच्या आत-बाहेर पुरे वसले. बिकानेरच्या राव कर्णाचा कर्णपुरा, त्याचा पुत्र पदमसिंह याचा पदमपुरा, राजा जयसिंहाचा जयसिंगपुरा, मकबऱ्याजवळचा बेगमपुरा ही नावे आजही कायम आहेत. हे पुरे म्हणजे त्या काळची उपनगरेच होत. 1763 साली निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहराची कळा उतरली.

1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्येच स्थापन झाले होते. याच काळात मंत्री डॉ. रफिक झकेरिया यांनी शहराच्या विकासाला चालना दिली व 1963 साली मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. नोकरदार व कामगार येऊ लागले. जुन्या मोहल्ल्यांत जागा पुरेना.

मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे नवी मुंबईपाठोपाठ याही शहराचे काम आले. जुन्या शहराच्या पूर्वेस, जालना रोड व जळगाव रोडच्या अंगाने, एन-1, एन-2 असे क्रमांक देऊन सेक्टर पाडले गेले. रस्ते, शाळा, बाजार, मैदान यांच्या जागा आधी ठरल्या, घरे नंतर आली. अल्प उत्पन्न गटासाठी हप्त्याने घरे निघाली. म्हणूनच लोक ‘सिडको-हडको’ असे जोडनाव घेतात. 2006 साली ही वसाहत महापालिकेच्या हाती गेली.

आता उणी बाजूही पाहू. शहराची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 8 लाख 73 हजार होती, ती 2011 मध्ये 11 लाख 75 हजारांवर गेली. जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 साली झाले, पण वाढत्या शहराला तेथून येणारे पाणी पुरेनासे झाले. मे 2022 मध्ये पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला. बीड बायपासलगत सातारा-देवळाईकडे आधी घरे झाली, आणि रस्ते व गटारे मागे राहिली. मलिक अंबरने पाणी अगोदर आणले होते, आपण घरे अगोदर बांधली, एवढाच फरक!

वाचकहो, आखीव वस्तीत घर कोणाला मिळते? ज्याने जाहिरात वाचली, अर्ज वेळेवर भरला, उत्पन्नाचा दाखला जोडला, त्याला. अंगठा उठविणारा बाप कितीही कष्टाळू असला तरी या रांगेत मागे राहतो. शिक्षण हे केवळ नोकरीसाठी नसते, ते असे छपरासाठीही असते.

आपल्या बीडमध्ये जुलै 1989 मध्ये बिंदुसरेला पूर आला, तेव्हा नदीकाठी घर असण्याची किंमत अनेक कुटुंबांनी मोजली. शहराचा विकास आराखडा कायद्याने जाहीर होतो आणि ठराविक मुदतीत नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. तो नकाशा वाचता येणारी मुले-मुली आपल्या मोहल्ल्यांत किती आहेत? विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या तासाला नकाशाकडे दुर्लक्ष करू नका. पालकांनो, मुलांपैकी एखाद्याला स्थापत्य किंवा नगररचना शिकू द्या. पुढचा आराखडा येईल तेव्हा आपल्या गल्लीतली शाळा, नळ आणि रस्ता त्यावर दाखविलेला आहे की नाही, हे पाहणारा कोणीतरी आपल्या घरचा असला पाहिजे.