घोडा मालकाचा, काटा आपला

वेस्टर्न सिनेमात नायक दिसायच्या आधी ऐकू येतो. लाकडी फळ्यांवर बूट पडतात आणि प्रत्येक पावलागणिक छन् छन् असा बारीक आवाज येतो. तो बुटाचा नसतो, टाचेला पट्ट्याने बांधलेल्या लोखंडी काट्याचा असतो. इंग्रजीत त्याला स्पर म्हणतात. टाचेला मागून कवेत घेणारी एक पट्टी, तिच्यातून मागे निघालेली दांडी, दांडीच्या टोकाला फिरणारं दातेरी चक्र. हे चक्र कुशीला लागलं की घोडा पुढे उसळतो.

याला मराठीत काय म्हणायचं? घोड्याने आपल्या भाषेत किती सामान टाकून ठेवलंय ते बघा. खोगीर गेलं, खोगीरभरती राहिली. तोबरा आपण आजही भरतो. लगाम जिभेलाही लागतो आणि खर्चालाही. कुणी रिकिबीत पाय ठेवून बसलेला असतो, कुणाची कामावर पक्की मांड असते, कुणी चौखूर उधळतो. पागा, तंग, नालबंद, मोतद्दार हे शब्द अजून कळतात. स्परसाठी मात्र रोजच्या बोलण्यातला एकही शब्द पटकन आठवत नाही. घोड्याला आपण 'टाच मारतो'. नुसती टाच. हिंदीतही 'एड लगाना' म्हणजे एडीच, म्हणजे पुन्हा टाचच. त्या टाचेवर लोखंड चढवलेला शब्द बोलीत रुजला नाही. मी इथे त्याला काटाच म्हणतो.

मराठा घोडेस्वारांच्या जुन्या चित्रांतही सहसा हा काटा दिसत नाही. पाय अनवाणी किंवा साध्या जोड्यात, गुडघे वर, हातात भाला. घोडा चालायचा तो मांडीच्या दाबावर, लगामावर आणि चाबकावर. मध्य आशियापासून दख्खनपर्यंतच्या घोडेस्वारीत इशारा मुख्यतः हातातल्या चाबकाने व्हायचा. काटा ही प्रामुख्याने युरोपची परंपरा. तिथे तो इतका मानाचा होता की सरदारकी मिळणं म्हणजे सोनेरी काटे मिळणं. ११ जुलै १३०२ रोजी कोर्त्रिकला फ्लँडर्सच्या पायदळाने, म्हणजे विणकर आणि कारागिरांनी, फ्रेंच सरदारांचं घोडदळ धुळीला मिळवलं. मेलेल्या सरदारांच्या टाचांवरचे सोनेरी काटे काढून त्यांनी चर्चमध्ये टांगले. ती लढाई आजही 'सोनेरी काट्यांची लढाई' म्हणूनच ओळखली जाते.

माझ्याकडे काट्यांची एकच जोडी आहे. आपल्या शहरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, जुन्या पान्यांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात मिळाली. विकणाऱ्याने हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "घोडे का कुछ तो है." साडेतीनशे रुपयांत सौदा झाला. सोनंबिनं नाही. साधं पोलाद, हंसाच्या मानेसारखी वर वळून खाली आलेली दांडी, बोथट लहान चक्र. ही लष्करी घडण. गुरांमागे घोडा घालणाऱ्या काउबॉयचा काटा वेगळा असतो: पट्टी रुंद, चक्र मोठं, टाचेखालून जाणारी साखळी, आणि चक्राजवळ लटकणारे दोन छोटे लोलक. सिनेमात ऐकू येते ती छन् छन् मुख्यतः या लोलकांची.

दिसायला मोठं चक्र भयंकर वाटतं. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित इथे कामाला येतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दाते जास्त आणि जवळजवळ असतील तर तोच जोर अनेक टोकांवर वाटला जातो. दाते मोजके आणि टोकदार असतील तर तो एका जागी घुसतो. म्हणून वीस दातांचं ताटलीएवढं चक्र सहा अणकुचीदार दातांच्या छोट्या चक्रापेक्षा सौम्य असू शकतं. अनेक काउबॉय नव्या काट्याचे दाते कानशीने घासून बोथट करून घेत. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते. अशा जनावराला इशारा पुरतो. चांगला स्वार काटा टोचत नाही, टेकवतो.

जुने काटे जमवणारे लोक अमेरिकेत भरपूर आहेत. ते आधी पट्टीच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याचा शिक्का शोधतात: टेक्ससमधल्या गेन्सव्हिलचा मॅकचेस्नी, एल पासोचा केली, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा ब्यूअरमन. टेक्ससची घडण दणकट, बहुधा एकाच लोखंडातून काढलेली. कॅलिफोर्नियाची नाजूक, चांदीची नक्षी भरलेली, तिथल्या मेक्सिकन गुराख्यांच्या परंपरेतली. पट्टीवर पत्त्यांतले बदाम-इस्पिक कोरलेले असतात, कधी मालकाच्या नावाची अक्षरं. महिना तीस-चाळीस डॉलर कमावणारा गडी टाचेच्या लोखंडावर एवढी हौस का करत असेल?

कारण घोडा त्याचा नव्हता. १८६६ नंतरची साधारण वीस वर्षं टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत गुरांचे प्रचंड कळप हाकत नेले जात. हाकणाऱ्यांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय गडीही मोठ्या संख्येने होते. प्रत्येकाला दिमतीला अनेक घोडे मिळत, दमला की बदलायचा. ते घोडे कळपाच्या मालकाचे. नोकरी सुटली की घोडे तिथेच राहायचे. गड्याच्या मालकीचं काय, तर खोगीर, लगाम आणि काटे. तेवढं उचलून तो पुढच्या मालकाकडे जायचा. पडद्यावर स्वातंत्र्याचा पुतळा म्हणून उभा केलेला हा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा पगारी गडी होता. नाव कोरायला त्याच्याकडे काटाच होता.

अशा माणसाला मराठीत फार जुना शब्द आहे, बारगीर. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर, म्हणजे बारगिरांवर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. घोडा सरकारचा असला की हुकूमही सरकारचा चालतो. स्वतःचा घोडा घेऊन आलेला शिलेदार उद्या तोच घोडा घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ ते १७५१ या काळात बंगालवर चालून गेल्या आणि हाच शब्द तिकडे 'बर्गी' झाला. बंगालीतल्या एका अंगाईत आजही मुलाला झोपवताना बर्गी येतात. आपल्याकडे ज्याला स्वतःचा घोडाही नव्हता, तो तिकडे बागुलबुवा झाला.

शिलेदार हा शब्द आज आपण अभिमानाने वापरतो. दोस्तांच्या ग्रुपला, ट्रेकच्या मंडळाला, क्रिकेटच्या टीमला. पण त्याच्या दुसऱ्या बाजूची हकिगत माझ्या घरापासून सरळ रस्त्यावर आहे. मुकुंदवाडीतून जालना रोड धरून पश्चिमेला निघालं की काही किलोमीटरवर क्रांती चौक लागतो. त्याचं जुनं नाव काळा चबुतरा.

इंग्रजांना आपली ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती नावासकट उचलली. त्यांच्या कागदोपत्री ती 'सिलेदार' पद्धत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ असंच होतं. औरंगाबादला त्याची छावणी होती, मोमिनाबादलाही, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. भरती होताना स्वाराने घोड्यासाठी रक्कम भरायची. तिला आसामी म्हणत. पगार जरा बरा, पण त्यातूनच घोड्याचा दाणा-वैरण आणि स्वतःचा सरंजाम. एखाद्याकडे अनेक आसाम्या असल्या तर तो त्यांवर आपले बारगीर बसवायचा. म्हणजे शिलेदार आणि बारगीर हे दोन्ही शब्द इंग्रजी हजेरीपटावरही जिवंत राहिले. आणि घोडा मेला तर? त्यासाठी स्वार दरमहा वर्गणी भरत, त्या चंदा फंडातून नव्या घोड्याला मदत व्हायची. आजच्या भाषेत विमा.

ही माणसं आपल्या मालकीच्या वस्तू कशा जपत, हे लुई नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय. निजामाच्या स्वारांच्या तलवारींचे घाव पाहून तो चकित झाला. चौकशी केली तर कळलं की पाती इंग्रज फौजेने मोडीत काढलेलीच आहेत. फरक इतकाच की यांनी ती धार लावून लाकडी म्यानात ठेवली होती आणि गरज पडल्याशिवाय बाहेर काढत नव्हते. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात धार मरायची. हाच नोलन पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्याचा हुकूम घेऊन गेला आणि त्या हल्ल्यात सर्वांत आधी मेलेल्यांपैकी एक ठरला.

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या पहिल्या रिसाल्यात बातमी फिरली की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार आहेत. स्वारांनी नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली, उठाव मोडला, फाशी आणि तोफेच्या तोंडी देण्याच्या शिक्षा झाल्या. मीर फिदा अली हे त्यातलं शहराला आठवणारं नाव. काळा चबुतरा त्या शिक्षांची जागा, म्हणून आज क्रांती चौक. घोडा स्वतःचा होता, तलवार स्वतःची होती, दाणाही स्वतःच्या पगारातला. तो घोडा कुणावर घालायचा हे ठरवण्याचा हक्क तेवढा त्यांचा नव्हता.

त्याच रिसाल्याचं नाव १९०३ मध्ये '२० वी डेक्कन हॉर्स' झालं. एव्हाना गणवेश आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत हिंदी लान्सरांच्या पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, घोट्यापर्यंतचे बूट आणि टाचेला पोलादी काटा दिसतो. आपल्या मातीतल्या स्वाराच्या टाचेवर काटा चढला तो वर्दीचा भाग म्हणून. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, या रिसाल्याने उभ्या पिकातून भाले रोखून मशीनगनच्या तोंडावर घोडे घातले. असं युद्ध सिलेदार पद्धतीला पेलणारं नव्हतं. घरून घोडा आणणारा स्वार फ्रान्समध्ये दुसरा घोडा कुठून आणणार? १९२१ च्या सुमारास ती पद्धत बंद झाली. डेक्कन हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, रणगाड्यांवर. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत ती होती.

मग आपल्याकडे काटा नव्हता तो दयेपोटी का? घोडा हे स्वतःचं भांडवल असलं की त्याच्या कुशीला जखम करणं परवडत नाही, एवढं खरं. पण दया म्हणावं तर संग्रहालयांतले जुने काटेरी लगाम बघावेत. तोंडात जाणाऱ्या लोखंडी कांबीलाच टोकं काढलेली. युरोपने काटा टाचेला लावला, आपण जिभेवर ठेवला. बैलांसाठी तर तुतारीच्या टोकाला आर होतीच. स्वतंत्र भारताने हे सगळं एकाच नियमात बसवलं. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार जनावर हाकताना किंवा त्यावर स्वार होताना अणकुचीदार काठी, काटेरी लगाम किंवा इजा करणारं कुठलंही टोकदार साधन वापरता येत नाही. आज लग्नाच्या वरातीतल्या घोडीच्या अंगावर उरतात ते घुंगरू. काउबॉयकडे छन् छन् स्वाराच्या पायात होती, आपल्याकडे ती घोड्याच्या गळ्यात.

शिलेदार आणि बारगीर मात्र गेलेले नाहीत. मी कंपनीच्या लॅपटॉपवर काम करतो आणि कीबोर्ड स्वतःचा घेऊन जातो. नोकरी बदलली की लॅपटॉप परत, कीबोर्ड माझ्यासोबत. म्हणजे मी बारगीर, हौसेचा काटा तेवढा माझा. रात्री साडेदहाला मुकुंदवाडीच्या गल्ल्यांत पत्ता शोधत फिरणारी जेवण पोचवणारी मुलं शिलेदार आहेत. बाइक त्यांची, पेट्रोल त्यांचं, फोन त्यांचा. टी-शर्ट आणि हुकूम दुसऱ्याचा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मुळे 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आला, आणि अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद झाली. ती अपघाताची, आजारपणाची, म्हातारपणाची. इंजिन बसलेल्या गाडीचं काय? निजामाच्या रिसाल्यात निदान चंदा फंड होता.

गाडीचा हप्ता थकला की बँक ती उचलून नेते. मराठीत याला गाडीवर टाच आली असं म्हणतात. घोड्याला मारायची तीही टाच, मालमत्तेवर येते तीही टाच. लोखंडी काट्यासाठी शब्द रुजवायची आपल्या भाषेला गरज पडली नाही. या दुसऱ्या टाचेसाठी तिने शब्द आधीपासून तयार ठेवलेला आहे.