यमूची कहाणी आणि केशवपनाची रूढी

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी 1890 साली त्यांनीच सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा पुण्यातील ब्राह्मण घरांत केशवपन, म्हणजे पतीच्या निधनानंतर विधवेच्या डोक्यावरील केस काढून टाकण्याची रूढी, घराण्याच्या अब्रूची खूण मानली जात असे. विधवाविवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता दिली होती, परंतु घराच्या उंबरठ्याआड कायद्याचा हात पोहोचत नव्हता, आणि नेमके तेच अंतर आपट्यांनी कादंबरीची नायिका यमू हिच्या आत्मकथनातून उघडे केले. भावाशी खेळणारी, मैत्रिणीशी गुजगोष्टी करणारी यमू सासरी वडीलधाऱ्यांचा धाक सोसत मोठी होते. सुधारक वृत्तीच्या पतीमुळे तिला अक्षरओळख आणि मोकळेपणा लाभतो, मात्र त्याच्या अकाली मृत्यूनंतर घरचीच माणसे बळजबरीने तिचे केशवपन करवितात. अन्याय परक्याकडून नव्हे, तर ज्यांच्याशी निष्ठेने वागण्याचे बाळकडू तिला मिळाले त्यांच्याच हातून घडतो, हे या कादंबरीचे सर्वांत धारदार निरीक्षण होय. त्याच सुमारास कादंबरीबाहेर, प्रत्यक्षातही कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला होता.