कमानवाले चाचा आणि मामूंची जीप

आमच्या मामूंकडे जुनी जीप होती. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल पडत की गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मामूंनी जीप मोहल्ल्यातल्या कमानवाल्या चाचांकडे नेली. मी तेव्हा शाळेत होतो.

जीप मुळात ठेंगणी का, याचं उत्तर युद्धात आहे. १९४१ पासून विलीज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी ती बनवली. शत्रूला चटकन दिसू नये म्हणून सैन्याला बुटकी गाडी हवी होती. म्हणून कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, अ‍ॅक्सलच्या खाली बांधलेल्या होत्या.

भारतात ही जीप आणणाऱ्या कंपनीचं जुनं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४५ साली ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली. हे मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर-जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटी बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. जे गेले त्यांची इतिहासात नोंद झाली. जे राहिले, ज्यांनी त्याच जीपच्या कमानी आयुष्यभर ठोकल्या, त्यांची कुठेच नाही.

चाचांनी मामूंना तीन मार्ग सांगितले. पहिला, लांब शॅकल. सर्वांत स्वस्त, पण शॅकल दोन इंच वाढवलं तर गाडी एकच इंच उचलते, आणि पुढच्या बाजूला लावलं तर स्टेअरिंग भरकटतं. दुसरा, अ‍ॅक्सल कमानीच्या वरून काढून खाली घेणं. त्याच कमानींवर गाडी चार-पाच इंच वर जाते. पण बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे पाइप तोकडे पडतात, स्टेअरिंगचा दांडा तिरपा होतो. सुरुवातीला स्वस्त वाटणारं काम शेवटी महाग पडतं. तिसरा, बसलेल्या कमानींना पुन्हा बाक देऊन प्रत्येकीत एक पाटा वाढवणं.

मामूंनी तिसरा मार्ग घेतला. चाचांनी भंगारातून त्याच रुंदीचे पाटे शोधले, ठोकून बाक जुळवला, नवे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट घातले. बोल्ट मात्र जुने वापरायचे नाहीत, यावर ते अडून बसले. पाटा तापवला तर त्याला नीट पाणी द्यावं लागतं, नाहीतर तो पुन्हा बसतो किंवा तुटतो, हेही मी तिथेच ऐकलं. जीप जेमतेम दोन इंच उचलली. चाकोरीसाठी तेवढं पुरेसं होतं.

मामूंना मग हाव सुटली. चाचा म्हणाले, “भाई, इससे ज्यादा नक्को. बच्चे बैठते इसमें.” गाडी उंच झाली की तिचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडते. पुढे कळलं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. चाचांनी हे कलम वाचलेलं नव्हतं.

आज चाचा नाहीत. त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात नाही, उर्दूत नाही आणि मराठीतही नाही. तुमच्या गावात असा कमानवाला असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि लिहून घ्या.